आईला सगळं ठाऊक होतं, हे शेवटच्या पानावर का सांगताय?

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला, आज सकाळी पुन्हा वाचला. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमची गोष्ट मला कळली तशी आधी मांडते. सांगलीतलं एक घर. वडील मार्केट यार्डात हळदीचे अडते, थोरला मुलगा दुकानात, धाकटा बारावीत, वय सतरा. जानेवारीतल्या एका रात्री धाकटा वडिलांची गाडी घेऊन तासगाव रस्त्याला जातो, मागच्या सीटवर घरचा कुत्रा. अंधारात एक माणूस गाडीखाली येतो. पोरगं घरी फोन करतं, वडील आणि थोरला तिथे पोचतात, आणि तिघं मिळून ठरवतात की असं काही घडलंच नाही. आईला सांगत नाहीत. सव्वादोनशे पानांनंतर शेवटच्या प्रकरणात कळतं, की तिला पहिल्या रात्रीपासून सगळं ठाऊक होतं. मित्र म्हणतात, धक्का जोरदार आहे, पण मधली शंभर पानं ओढलेली वाटतात. आणि धाकटा एवढा रडतो तरी वाचताना आत काही हलत नाही. म्हणून तुम्ही तीन प्रश्न विचारलेत: मध्ये एक खून घालू का, शेवट आणखी धक्कादायक करू का, आणि पुरावा उकरून काढणारा कुत्रा ठेवू की काढू?

खून घालू नका. बाकीच्या दोन प्रश्नांकडे येते.

मी वीसेक वर्षं दुसऱ्यांची हस्तलिखितं वाचते, त्याआधीपासून नाटकं लिहिते. घराभोवती फिरणारी अशी काळी गोष्ट माझ्याकडे आली, की दहातल्या सात वेळा दुखणं हेच असतं: लेखकाने गोष्टीतलं सगळ्यात मोठं भांडवल शेवटच्या पानासाठी तिजोरीत ठेवलेलं असतं आणि मधली पानं चिल्लरवर चालवलेली असतात. तुमचं भांडवल अपघात नाही. सगळं कळूनही रोज सकाळी डबे भरणारी आई, हे ते भांडवल. आणि नेमकी तिलाच तुम्ही दोनशे पानं स्वयंपाकघरात उभी करून ठेवलीय, पाठमोरी.

आता काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या कबूल करते. हीच गोष्ट तुम्ही वेबमालिकेसाठी लिहीत असाल तर दर भागाच्या शेवटी एक खुंटी लागतेच, आणि मग आईचं गुपित चौथ्या-पाचव्या भागापर्यंत राखणं चालेल. सगळी गोष्ट थोरल्याच्या तोंडून सांगत असाल, तर आईला काय ठाऊक आहे हे त्याला कळेल तेव्हाच वाचकाला कळणार, तिथे माझा सल्ला अर्धाच लागू. पण तुम्ही लिहिलंय की निवेदन सर्वज्ञ आहे आणि आईच्या मनातही जातं. म्हणजे तुम्ही तिच्या डोक्यात शिरता, तिला भाजीत मीठ पडलं का याची काळजी करताना दाखवता, आणि नेमकं तेवढंच एक सांगत नाही. वाचक याला फसवणूक म्हणतो, आणि बरोबरच म्हणतो.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी राज्य नाट्य स्पर्धेसाठी दोन अंकी नाटक लिहिलं होतं. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांची गोळी घरातल्या कोणीतरी बंद केलीय, आणि कोणी केली ते दुसऱ्या अंकाच्या शेवटी उघड होतं. मध्यंतरात मी वडापावच्या टेबलापाशी उभी राहून लोकांचं बोलणं ऐकत होते. दोघी जणी पैजेवर आल्या होत्या. ‘धाकटी सूनच असणार बघ.’ ‘छे गं, मुलगी.’ मला आधी बरं वाटलं, लोक गुंतलेत. घरी जाताना रिक्षात लक्षात आलं, की सहा माणसांच्या घरात एक म्हातारा हळूहळू मारला जातोय आणि प्रेक्षक शब्दकोडं सोडवतायत. त्या म्हाताऱ्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. पुढच्या वर्षी एका हौशी संघासाठी तेच नाटक मी उलटं करून लिहिलं. सून गोळी डबीत परत टाकते, हे पहिल्या दहा मिनिटांत दाखवून टाकलं. त्या प्रयोगाच्या मध्यंतरात पैजा लागल्या नाहीत. एक बाई शेजारणीला एवढंच म्हणाली, ‘माझ्या सासूचं सात वर्षं केलं गं मी.’ आणि दोघी गप्प बसून चहा प्यायल्या.

थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉक याचं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण तुम्ही ऐकलं असेलच. बॉम्ब अचानक फुटला तर पंधरा सेकंदांचा दचका, आधीच दिसला तर पंधरा मिनिटांचा जीव टांगणीला. शिबिरांत सगळेच ते देतात, मीही दिलंय. पण घराच्या गोष्टीत ते तोकडं पडतं. घरात बॉम्ब टेबलाखाली नसतो, तो पानावर बसून भात कालवत असतो आणि वर ‘आमटी छान झालीय’ म्हणतो. २०१५ चा निशिकांत कामतांनी दिग्दर्शित केलेला हिंदी ‘दृश्यम’ आठवा, मूळ मल्याळम २०१३ चा. गोव्यातल्या त्या घरात कोणाच्या हातून काय झालं, हे आपण डोळ्यांनी पाहिलेलं असतं. शेवटपर्यंत लपवलेली गोष्ट एकच, प्रेत कुठे आहे. मात्र तिथे सगळं घर एका बाजूला आणि पोलीस दुसऱ्या बाजूला आहेत. तुमच्याकडे भिंत घराच्या आतूनच गेलीय. ही तुमची जमेची बाजू आहे, ती वापरा.

कशी वापरायची? माझी पद्धत अगदी कारकुनी आहे. एक आडवी वही घेते. डावीकडे माणसं, वर तारखा. प्रत्येक चौकटीत तीन गोष्टी लिहायच्या: त्या दिवशी त्या माणसाला काय ठाऊक आहे, दुसऱ्यांना काय ठाऊक आहे असं त्याला वाटतं, आणि कुठलं खोटं सांभाळायचं काम त्याच्या वाट्याला आलंय. तुमच्या गोष्टीपुरतं भरून बघा. अपघातानंतर तिसऱ्या दिवशी वडिलांना वाटतं, बायकोला काही माहीत नाही. आईला ठाऊक आहे, आणि नवऱ्याला ते ठाऊक नाही हेही ठाऊक आहे. धाकट्याला वाटतं, आईने विचारलं तर आपण सांगून टाकू. म्हणून तो दिवसभर तिच्या मागेमागे फिरतो. आणि आई विचारत नाही. का विचारत नाही? इथे तुमची कादंबरी आहे. तिने विचारलं तर त्याला सांगावं लागेल, आणि त्याने सांगितलं की तिला काहीतरी करावं लागेल. न विचारणं हा तिचा गुन्हा. हे वाचकाला पन्नासाव्या पानापर्यंत कळलं, तर पुढचा प्रत्येक ‘जेवलास का रे?’ अंगावर येईल.

आता धाकट्याच्या रडण्याकडे. त्याच्या रडण्याने वाचक हलत नाही, कारण तो ज्या गोष्टीसाठी रडतोय ती त्याने ठरवून केलेली नाही. अंधारात माणूस आडवा आला. वाईट झालं, पण त्यात निवड कुठे होती? अपराधीपणाला निवड लागते. तुमच्या हस्तलिखितात अपघाताला अकरा पानं आहेत आणि नंतर तिघं रस्त्यावर उभे होते, त्याला दीड. मी हे उलटं केलं असतं. धाकट्याचा फोन घरी गेला तेव्हापासून गाडी परत वळवली तोवर किती वेळ गेला? चाळीस मिनिटं धरू. त्या चाळीस मिनिटांत तो माणूस जिवंत होता का?

तुम्ही लिहिलंय, जागेवरच गेला. कोणी सांगितलं? वडिलांनी. नाडी कोणी पाहिली? कोणीच नाही. मोटार वाहन कायद्यात अपघातानंतरच्या पहिल्या तासाला ‘सुवर्णकाळ’ मानलंय, आणि कलम १३४ चालकाला सांगतं की जखमीला वैद्यकीय मदत मिळवून दे, चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळव. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, आकडे तीनच. थोरल्याने एक, शून्य दाबलं आणि वडिलांनी त्याच्या हातावर हात ठेवला. धाकट्याला गाडीत बसवलेलं, त्याला दिसत नाही. थोरल्याला रस्त्याच्या कडेला काहीतरी हललेलं दिसतं. पुढची दोनशे पानं तो स्वतःला पटवत राहील की ते उसाचं पाचट होतं.

बघा, एवढ्याने काय होतं. गुन्हा धाकट्याचा राहत नाही. ज्याच्यासाठी हे सगळं केलं म्हणतात, तो त्यातला सगळ्यात कमी दोषी ठरतो. आणि त्याला ते ठाऊक नाही. थोरल्याने एक वाक्य उच्चारलं तर धाकट्याची झोप परत येईल, आणि बापाचा मुखवटा गळून पडेल. मराठीत आपण याला धर्मसंकट म्हणतो. ‘खरं बोलू की खोटं’ एवढ्याशा प्रश्नाला मी तो शब्द वापरत नाही. दोन्ही वाटांवर कोणाच्या तरी खिशातून जात असेल, आणि तो कोणी आपलाच असेल, तर ते धर्मसंकट.

खिशाचा विषय निघालाच आहे तर कायद्याकडे वळू. अशा हस्तलिखितांत लेखक ‘पोरगं आयुष्यभर तुरुंगात जाईल’ असं वडिलांच्या तोंडी घालतात आणि पुढे जातात. प्रत्यक्ष काय होतं ते पाहा. मुलगा सतरा वर्षांचा, तेव्हा तो बाल न्याय मंडळापुढे जाणार. समुपदेशनापासून फार तर तीन वर्षं विशेष गृहापर्यंत आदेश होऊ शकतो. (पोलीस कलम कुठलं लावतात, नशा होती का, यावर बरंच बदलतं. छापायला देण्याआधी एखाद्या फौजदारी वकिलाला दोन प्रकरणं वाचायला द्याच.) आणि वडील? २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे पालकानेच सिद्ध करायचं. शिवाय चालवणाऱ्याकडे परवाना नाही म्हटल्यावर विमा कंपनी मृताच्या घरच्यांना देते, पण तेच पैसे मालकाकडून वसूल करायला मागे लागू शकते. म्हणजे अडत दुकानावर येऊ शकतं.

तर त्या रात्री रस्त्यावर वाचवलं कोणाला? बाप म्हणतो, पोराला. कायद्याचं पुस्तक म्हणतं, स्वतःला. बापाला हे तेव्हा ठाऊक होतं का, हे मी उघडं ठेवलं असतं. थोरल्याला मात्र दुसऱ्या आठवड्यात कळू दे, दुकानाच्या वकिलाशी दुसऱ्याच कामाचं बोलताना. आणि आईसाठी एक बारीक गोष्ट: गुन्हेगाराला आसरा देण्याच्या कलमाला, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या २४९ ला, एक अपवाद आहे. नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला लपवलं तर ते कलम लागत नाही. आईने मुलाला लपवलं तर तो अपवाद नाही. इंग्रजांच्या काळच्या संहितेत हे होतं, १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेतही आहे. ज्या देशात आईच्या मायेवर एवढ्या ओव्या झाल्या, तिथला कायदा आईला ही सवलत देत नाही, हे मला फार नाट्यमय वाटतं. कादंबरीत कलम-बिलम लिहू नका. पण तुम्हाला ते ठाऊक असेल तर तिच्या भीतीला नेमकेपणा येईल.

एक जाता जाता. २०२४ च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीचा जो अपघात घडला आणि त्यानंतर रक्ताचे नमुने बदलल्याचे जे आरोप झाले, ते मराठी वाचकाने महिनोन्‌महिने पेपरात वाचलेत. प्रकरण न्यायालयात आहे, त्यावर मी बोलत नाही. पण अल्पवयीन मुलगा, गाडी आणि घरच्यांची धावपळ म्हटलं की वाचकाच्या मनात आधीच एक चित्र आहे. तुमच्या घराला पब, बंगला, महागडी गाडी देऊ नका. हळदीचा धंदा, कर्जावरची साधी गाडी, मुलाला ‘जा, एक चक्कर मारून ये’ म्हणणारा बाप, हे जास्त जवळचं. वाचकाने या घराचा तिरस्कार केला तर तो सुटला.

आता मला सगळ्यात खटकलेली गोष्ट. सव्वादोनशे पानांत मेलेल्या माणसाला नाव नाही. ‘तो माणूस’, ‘तो इसम’, एकदा ‘तो भिकारडा’. जानेवारी महिना, ऊस हंगाम भरात, रात्रीची वेळ, तासगाव रस्ता. चालत कोण असेल? ऊसतोडीला आलेला माणूस असेल, बीडकडचा. फडातून किंवा गाडी भरून कोपीकडे, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीकडे, परत निघालेला. तुम्ही सांगलीचे, म्हणजे ‘कोयता’ म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतात तीही जोडप्याने. नवरा गेला की कोयता मोडला, पण उचल तशीच राहिली. ती फेडायची कोणी?

आणि गाडी कोणाची ते कळलं नाही, तर त्या बाईला काय मिळतं? अज्ञात वाहनाने मृत्यू झाला तर सरकारी योजनेत वारसाला दोन लाख रुपये. १ एप्रिल २०२२ पासून हा आकडा आहे, त्याआधी पंचवीस हजारच होते. गाडी सापडली तर ती मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाऊ शकते. तिथे मृताचं वय, कमाई, मागे किती खाणारी तोंडं, यावर हिशोब होतो आणि तरुण माणसाच्या बाबतीत तो दोन लाखांच्या बराच वर जातो. तेव्हा या घराचं गप्प बसणं फुकटात पडलेलं नाही. त्याचं बिल दर महिन्याला एका कोपीत जातंय. आईला हे कधीतरी कळलं पाहिजे, आकड्यासकट. तोवर ती ‘माझ्या लेकराला वाचवतेय’ या समजुतीवर तगून राहील. आकडा कळल्यावर ती समजूत तिला पुरणार नाही. तुमच्या मधल्या शंभर पानांचा कणा मला इथे दिसतो.

इथवरचं कामाच्या क्रमाने सांगायचं तर: मेलेल्याला नाव आणि घर द्या, चाळीस मिनिटं सविस्तर लिहा, वही भरा, आईचं कळणं पन्नासाव्या पानाच्या आत आणा. मग मधल्या पानांत काय घडवायचं, हा प्रश्न बराच सोपा होतो. तरी त्याबद्दल थोडं बोलते, कारण बहुतेक जण तिथेच घसरतात.

हस्तलिखितात तीन प्रसंग दिसले की माझं लाल पेन आपोआप बाहेर येतं: आरशात स्वतःकडे बघणं, हाताला रक्त लागलंय असं वाटून पुन्हा पुन्हा हात धुणं, आणि पावसात रडणं. तुमच्याकडे तिन्ही आहेत. पाऊस तर जानेवारीत आहे. अपराधीपणा ही भावना आहे हे खरं, पण लिहिताना मी तिला काम समजते. त्या रात्रीनंतर या माणसाला रोज कुठलं जादा काम करावं लागतं? वडील पहाटे पाचला उठून फाटकाशी पेपर घ्यायला उभे राहतात, आयुष्यात कधी उठले नव्हते. गाडीचा हेडलाइट फुटलाय, सांगलीतल्या गॅरेजात नेता येत नाही. मग ती पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली ठेवायची, आणि रोज कोणाला तरी नवं कारण सांगायचं: बॅटरी उतरलीय, विमा संपलाय, विकायची म्हणतोय. कोणाला कुठलं कारण सांगितलं हे लक्षात ठेवणं हेही काम. थोरला नकळत तासगाव रस्ता टाळतो आणि वसुलीला पंधरा किलोमीटरचा वळसा घेतो. दुकानातला दिवाणजी पेट्रोलच्या पावत्या बघून विचारतो.

कोलंबिया विद्यापीठातले मायकल स्लेपियन यांचं गुपितांवरचं २०१७ चं संशोधन मला फार उपयोगी पडलंय. त्यांना असं दिसलं, की माणसाला त्रास समोरच्यापासून लपवण्याच्या क्षणी तेवढा होत नाही, जेवढा कोणी विचारत नसताना मन आपोआप तिकडे जाण्याने होतो. कथालेखकाला याहून नेमकी सूचना कोण देणार? तुमचे सगळे ताणाचे प्रसंग हवालदार दारात आल्यावरचे आहेत. खरी वेळ असते कुकरच्या शिट्ट्या मोजताना, एटीएमच्या रांगेत, अंघोळीचं पाणी तापेपर्यंत. तिथे काही घडवू नका. आईच्या शिट्ट्या मोजायच्या चुकतात आणि डाळ लागते, एवढं पुरे. दुसऱ्यांदा डाळ लागली की वाचक ओळखेल.

आणखी एक फरक ध्यानात ठेवा. अपराधीपणा वेगळा, अब्रूची भीती वेगळी. धाकट्याला आपण काय केलं ते टोचतंय. वडिलांना आपण कोण ठरू ते. बाहेरून दोघं सारखेच बेचैन दिसतील, वागतील मात्र उलट. टोचणाऱ्याला मनातून पकडलं जायचं असतं, म्हणून तो मुद्दाम निष्काळजी होतो. अब्रूवाला जास्तच मिसळायला लागतो, वर्गणी वाढवून देतो, पंगतीत आग्रह करतो. एकाच घरात दोन्ही वागणुकी समोरासमोर ठेवल्या की संवादात ‘पश्चात्ताप’ हा शब्द एकदाही लागणार नाही.

तुमच्या तारखा मी जुळवून पाहिल्या. अपघात १३ जानेवारीच्या रात्री, म्हणजे भोगीला. तुमच्या हे लक्षात आलं नसावं, कारण पुढच्या पानावर एकदम १७ तारीख येते. अहो, मधली संक्रांत कुठे गेली? बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी खाऊन पोरगं गाडी घेऊन गेलं. दुसऱ्या दिवशी घराघरांत तिळगूळ, आणि त्यानंतर रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू. हळदीच्या अडत्याचं घर, गल्लीतल्या वीस-पंचवीस बायका येणार. आई काळी साडी नेसून दारात उभी, प्रत्येकीला ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’. ताडपत्रीखालची गाडी दारातूनच दिसते. एखादी शेजारीण सहज म्हणते, ‘गाडी झाकून ठेवलीत ती?’ आई ओटी भरता भरता उत्तर देते. आणि त्या उत्तरातून तिच्या नवऱ्याला, जो आतल्या खोलीत बसून सगळं ऐकतोय, पहिल्यांदा कळतं की हिला ठाऊक आहे. कारण तिने दिलेलं कारण त्याच्या कारणांपेक्षा चांगलं असतं.

तुमचा ‘आईला सगळं ठाऊक होतं’ हा धक्का मी टाकून दिलेला नाही, हे लक्षात आलं असेल. तो नवऱ्याला दिला. वाचक आधीपासून तिच्या बाजूला उभा आहे, आणि त्या क्षणी ती काय करतेय ते बघून त्याला तिची भीती वाटते. माझ्या मते गोष्टीतली सगळ्यात काळी जागा हीच. तिच्यापुढे एखादा खून किरकोळ वाटेल.

काळं किती दाखवावं, हेही तुम्ही ओझरतं विचारलंय. १९७० मध्ये डॉ. श्रीराम लागूंनी तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ रंगमंचावर आणलं, तेव्हा सेन्सॉरने साडीवरच्या लाल डागाला हरकत घेतली. डाग निळा करण्यात आला आणि प्रयोगाआधी तशी घोषणा केली जाई. मी तो प्रयोग पाहिलेला नाही, माझा जन्मच नंतरचा. पण त्या घोषणेनंतर प्रेक्षकाला निळ्या डागात काय दिसत असेल, याचा विचार मी लिहिताना नेहमी करते. तुमच्या अपघाताच्या प्रसंगात हाडं, कवटी, रस्त्यावरचा ओघळ, सगळं आहे. ते काढा. एक चप्पल ठेवा, रबरी, टाचेला झिजलेली. ती थोरल्याने उचलून गाडीत टाकली, कारण मागे काही ठेवायचं नव्हतं. आणि नंतर ती फेकायची कुठे, हे त्याला आठ दिवस ठरवता येत नाही.

शेवटाबद्दल. आत्ता तुमच्याकडे धाकटा पोलीस ठाण्यात फौजदारापुढे रडत कबुली देतो आणि पडदा पडतो. एक तर पोलिसापुढे दिलेली कबुली न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या कायद्यात नव्हती, नव्या साक्ष अधिनियमातही नाही. त्यामुळे ज्याला तुम्ही शेवट म्हणताय, तिथून खरं तर घराच्या हालांना सुरुवात होते. दुसरं, रडून मोकळं झाल्याचं समाधान वाचकालाही मिळतं, आणि या गोष्टीत ते त्याला देऊ नये असं मला वाटतं. मी आईला एकटीला त्या कोप्यांकडे पाठवलं असतं. हातात पिशवी. पिशवीत पैसे आहेत की चप्पल, हे तुम्ही ठरवा. दोन्हींतून दोन अगदी वेगळ्या बाया तयार होतात. पैसे नेणारी गुपित विकत घेतेय, चप्पल नेणारी ते परत करतेय. मी कुठली निवडली असती ते सांगत नाही, कादंबरी तुमची आहे.

राहिला कुत्रा. पुरावा उकरून काढणारा कुत्रा मी इतक्या हस्तलिखितांत पाहिलाय की आता त्याला नावाने ओळखते. जी गोष्ट घरातल्या माणसांनी उघड करायला हवी, ती त्याच्या पंज्यावर सोपवू नका. पण त्याला काढूही नका. त्या रात्री तो मागच्या सीटवर होता. त्याला काही सापडायला नको, त्याने भुंकायलाही नको. महिन्याने गाडी दुरुस्त होऊन येते, सगळे देवदर्शनाला निघतात, वडील मागचं दार उघडून त्याला हाक मारतात, आणि एरवी किल्ल्या वाजल्या तरी धावत येणारा तो पायरीवर बसून राहतो. वडील पुन्हा हाक मारतात. शेजारी बघतायत.